जोर्व्याची पांढर आणि समुद्रतळाची साक्ष

संगमनेरहून प्रवरेच्या काठाने खाली निघालं की थोड्याच अंतरावर जोर्वे लागतं. 1950-51 साली हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी इथली पांढर खणली. काळ्या नक्षीची लाल, तोटीची भांडी वापरणाऱ्या त्या संस्कृतीला पुढे या गावाचंच नाव मिळालं. इ.स.पू. 1000 च्या सुमारास प्रवरा-गोदावरी खोऱ्यातल्या बहुतेक वस्त्या ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यातलं इनामगाव इ.स.पू. 700 पर्यंत तगलं. पाऊस आटला म्हणून माणसं गेली, असं आपण वाचत आलो.

या आटलेल्या पावसाचा पुरावा आता समुद्रात शोधला जातो. प्रवरा टोक्याला गोदावरीला मिळते आणि आपली माती बंगालच्या उपसागरात जाऊन बसते. 2006 च्या गॅस हायड्रेट मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर, 1,268 मीटर पाण्याखालून गाळाचा एक गाभा काढला होता. कमिलो पाँटन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पानांवरच्या मेणाच्या अंशांवरून त्यांना दिसलं की कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून 1,700 वर्षांपूर्वीपर्यंत वाढत गेल्या. फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांवरून दिसलं की गेल्या 3,000 वर्षांत उपसागराचं पाणी अधूनमधून फार खारट झालं.

ही कवचं वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या जातीची. त्याच गाळात तळाशी राहणाऱ्या जातींचीही कवचं असतात, आणि खोल समुद्राची साक्ष तीच देतात. काम किचकट. गाळ बारीक चाळणीत धुवायचा, उरलेली वाळूसारखी पूड सूक्ष्मदर्शकाखाली पसरायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने अर्ध्या मिलिमीटरचं एकेक कवच उचलायचं. मग ते फोडून आतली चिकणमाती पुन्हा धुवायची. ती राहिली तर तापमान सांगणारा मॅग्नेशियमचा आकडा फुगतो आणि समुद्र उगाच उबदार ठरतो.

या विद्येतला जुना गुंता ऑक्सिजनचा आहे. पाणी थंड झालं की कवचात जड ऑक्सिजन वाढतो. ध्रुवांकडे बर्फ साठलं तरी वाढतो, कारण हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो. कारणं दोन, आकडा एक. सेझारे एमिलियानी यांनी 1955 साली बहुतेक श्रेय तापमानाला दिलं. 1967 साली निकोलस शॅकलटन यांनी तळाची कवचं पुढे केली. तळाचं पाणी आजच गोठणबिंदूपासून फार लांब नाही. ते आणखी पाच-सहा अंश थंड होणार कुठून? तरीही तळाच्या कवचातला फरक वरच्याइतकाच मोठा होता. म्हणजे मुख्य कारण बर्फ. तर्काने लागलेला इतका देखणा निकाल या शास्त्रात मला दुसरा दिसत नाही.

तापमान वेगळं काढायला मग कवचातलं मॅग्नेशियम आलं. वरच्या पाण्यात दर अंशाला सुमारे नऊ टक्के वाढ, हा हिशेब बरा चालतो. तळाशी तो अडखळतो, कारण तिथे पाण्यातल्या कार्बोनेटचाही कवचावर परिणाम होतो. गाळाच्या आत राहणाऱ्या युव्हिजेरिनाला त्याचा उपद्रव कमी, म्हणून 2012 साली हॅरी एल्डरफिल्ड यांनी तिच्यावरून 15 लाख वर्षांचं तापमान मांडलं. काम मोठंच. पण स्थळ एक, तेही न्यूझीलंडजवळचं. आणि चुकीची मर्यादा अंशाच्या घरात असताना दोन-तीन अंशांचे चढउतार वाचायचे, म्हणजे भिंग लावून धुकं बघण्यासारखं. 2022 साली आना नेले मेकलर यांच्या गटाने कवचातल्या जड अणूंच्या जोड्या मोजून उत्तर अटलांटिकचं प्राचीन खोल पाणी समजुतीपेक्षा गरम असल्याचं दाखवलं. या रीतीला समुद्राच्या पाण्याचा जुना ऑक्सिजन माहीत असावा लागत नाही. कवचं मात्र ढीगभर लागतात.

माझा आक्षेप यंत्रांवर नाही. मोजमाप बारीक झालं, पण जिवंत जीव कवच कसं घडवतो याचं ज्ञान त्या मानाने तुटपुंजं राहिलं. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी किनाऱ्यालगतचे फोरॅमिनिफेरा काचपात्रात वाढवून त्यांच्यावर प्रयोग केले. अशा कामाला मथळे मिळत नाहीत, पण सगळी इमारत त्याच पायावर उभी आहे. खोल पाण्यातले जीव असे वाढवणं त्याहून अवघड. जोर्व्याची माणसं पावसाअभावीच गेली, असं छातीठोक सांगायलाही एक गाभा पुरत नाही. पाऊस घटला हे पटतं. गाव का उठलं, ते कवच सांगत नाही.

2015 साली 'जॉइडिस रेझोल्यूशन' हे समुद्रतळ भेदणारं जहाज अरबी समुद्रात आलं होतं. गोव्याचे धनंजय पांडे त्या मोहिमेच्या दोन मुख्य शास्त्रज्ञांपैकी एक होते. लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्याखाली, त्यांनी 1,100 मीटरपर्यंत तळ भेदला. त्या जहाजाच्या मोहिमा 2024 साली थांबल्या. तळाच्या वरच्या चार बोटं गाळातली जिवंत युव्हिजेरिना आणायला मात्र तेवढं जहाज लागत नाही. गोव्याची 'सिंधू साधना' पुरते. आपल्या समुद्रांतली ती चिमूटभर कवचं आधी नीट मोजून घ्यावीत, दहा लाख वर्षांचं मग बघू.