शंकेचा मधला काळ

शिरूरच्या एका उर्दू शाळेत आम्ही सातवीचा वर्ग घेतो. दोन वर्षांपूर्वी भूगोलाच्या तासाला एका मुलीने हात वर केला आणि भूगोलाशी काहीही संबंध नसलेला प्रश्न विचारला : "सर, हम सामनेवाले घर में पैदा हुए होते तो?" शाळेसमोरच्या घराच्या अंगणात तुळस आहे. प्रश्न कळायला आम्हांस वेळ लागला नाही. वर्गातली मुले हसली. आम्ही "ऐसा नहीं सोचते, बेटा" म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेला उत्तेजन कसे द्यावे, यावर बी.एड.च्या परीक्षेत आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. त्या दिवशी त्यातली एक ओळही कामाला आली नाही.

वास्तविक हा प्रश्न मुलीचा एकटीचा नव्हता, आमचाही होता. २०२१ च्या उन्हाळ्यात दौंडला आमच्या अब्बांचा इंतकाल झाला. ते रेल्वेत होते, पाच वक्तांचे नमाजी होते. कोरोनाच्या नियमाप्रमाणे वीसपेक्षा जास्त माणसे जमवता येत नव्हती. कब्रस्तानात तीन मुठी माती टाकताना तिसऱ्या मुठीला आमचा हात थांबला. मनात आले, आपण जे मानतो ते चुकीचे असेल तर? अब्बा कुठेच गेले नसतील तर? माती टाकली, दुआ मागितली, घरी आलो. अम्मीला काही बोललो नाही. मशिदीतही बोललो नाही. असे काही मनात येणे म्हणजे सैतानाचा वसवसा, त्यावर तौबा करावी आणि पुढे चालावे, एवढेच आम्हांला लहानपणी शिकवले होते. तौबा केली, पण प्रश्न गेला नाही.

माणूस अशा वेळी पुस्तकांकडे जातो. आम्हीही गेलो. या लेखात त्या वाचनाचा हिशेब मांडायचा आहे, कारण वाचता वाचता आम्हांस आमच्या साहित्यातली एक मोठी उणीव दिसली.

पहिले पुस्तक इमाम गझाली यांचे 'अल-मुन्किझ मिनद्दलाल', म्हणजे चुकीच्या वाटेवरून सोडवणारे. मूळ अरबी, आम्ही उर्दूतून वाचले. शनिवारी शाळा सुटली की आम्ही शिरूरहून न्हावरे, चौफुला करीत दौंडला जातो. पारगावजवळ एस.टी. भीमा ओलांडते, तिथपर्यंत उजेड असतो. त्या उजेडात हे लहानसे पुस्तक तीन-चार आठवड्यांत संपले. गझालींचा जन्म १०५८ चा, इंतकाल ११११ चा. ज्यांना 'हुज्जतुल इस्लाम' म्हणतात, त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर लिहिलेली ही स्वतःच्या मनाची हकीकत आहे. सुरुवातीलाच ते सांगतात, की लहानपणी त्यांनी पाहिले, ख्रिस्ती घरातली मुले ख्रिस्तीच होतात, यहुद्यांची यहुदी होतात आणि मुसलमानांची मुसलमान. मग आपण जे मानतो ते खरे आहे म्हणून मानतो, की या घरात जन्मलो म्हणून? आम्ही पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत राहिलो. शिरूरच्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न आणि गझालींचा प्रश्न एकच होता. गझालींनी त्यावर आयुष्य घालवले. आम्ही फळा पुसला.

पुढचा भाग शिक्षकाला फार आवडेल असा आहे. खात्रीचे ज्ञान कशाला म्हणावे, हे ते मुलांना सांगावे तसे सांगतात. दहा ही संख्या तीनपेक्षा मोठी. उद्या कुणी म्हणाला की तीन मोठे, आणि पुरावा म्हणून काठीचा साप करून दाखवला, तर आपण त्याच्या करामतीने चकित होऊ, पण दहा-तीनबद्दल शंका घेणार नाही. या कसोटीला आपले काय काय टिकते? डोळ्यांवर भरवसा ठेवावा, तर सावली स्थिर दिसते आणि प्रत्यक्षात सरकत असते. तारा नाण्याएवढा दिसतो आणि गणित सांगते की तो पृथ्वीपेक्षा मोठा आहे. मग अकलेवर भरवसा ठेवावा, तर स्वप्नात जे खरे वाटते ते जागे झाल्यावर खोटे ठरते. ही जागृतीही आणखी कशापुढे स्वप्न ठरली तर? या अवस्थेत गझाली जवळजवळ दोन महिने होते. ते नोंदवतात, की ही अवस्था मनाची होती, बोलण्यातली नव्हती. म्हणजे बाहेर कुणालाही पत्ता नव्हता. शंका घेणारा माणूस नमाजच्या सफेत आपल्या खांद्याला खांदा लावून उभा असतो आणि आपल्याला कळत नाही. कब्रस्तानात आम्ही तसेच उभे होतो.

यानंतर १०९५ साली त्यांच्यावर दुसरे संकट आले. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना त्यांची जीभच चालेना, घास गिळवेना. त्यांनी नोकरी सोडली, दमिश्क आणि जेरुसलेमला गेले. पुन्हा शिकवायला उभे राहायला सुमारे अकरा वर्षे लागली. पोटाला लागणारी नोकरी ज्या विषयावर चालते, त्याच विषयावरचा आपला यकीन हलला तर मास्तराने काय करावे, हा प्रश्न किती जीवघेणा असतो, हे आम्हांस या पानांवर समजले.

पुस्तक मोठे आहेच. परंतु आदर ठेवूनही आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की ज्या दोन महिन्यांनी त्यांचे आयुष्य फिरवले, ते मोजक्या ओळींत संपतात. रात्री झोप लागत होती का? नमाजला उभे राहिल्यावर मनात काय चालले होते? घरच्यांना काय सांगितले? काही नाही. अल्लाहने छातीत नूर टाकला आणि आजार बरा झाला, असे ते सांगतात. त्यांच्या अनुभवावर आमचा अविश्वास नाही. पण ज्याच्या छातीत तो नूर अजून आलेला नाही, त्याने त्या रात्री काय वाचावे? पैलतीरावर पोहोचलेल्या माणसाने सांगितलेली ही बुडण्याची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. तत्त्वज्ञांची पुस्तके सामान्य लोकांच्या हाती पडू देऊ नयेत, असे गझाली याच पुस्तकात बजावतात; गारुड्याने आपल्या लहान मुलासमोर सापाला हात लावू नये, मूल नक्कल करील, असा दाखला देतात. स्वतः सर्व काही तपासून पाहायचे आणि इतरांना तपासू द्यायचे नाही, हे आम्हांस पटत नाही. मुलीला "ऐसा नहीं सोचते" म्हणणारे आम्ही त्या गारुड्यापेक्षा वेगळे नव्हतो. फरक एवढाच, की गारुड्याला साप ठाऊक असतो. आम्ही तर सापाला पाहून पळालो होतो.

आता आपल्या मराठीकडे येऊ. शंका म्हटले की मराठीत एकच नाव डोळ्यांसमोर येते, हमीद दलवाई. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांना हे नाव पुस्तकातून नव्हे, शिवीतून कळले. ३ मे १९७७ रोजी ते मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न होता दहन झाले. वस्तीत त्यांच्याबद्दल तेवढीच एक गोष्ट सांगितली जाई. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणाले, हे आम्हांला कुणी सांगितले नाही. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले, हेही नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द ठरवला, तेव्हा 'आम्ही तर आधीपासूनच म्हणत होतो, ही पद्धत चुकीची' असे सांगणारे पुष्कळ निघाले. आधी म्हणणाऱ्याचे नाव मात्र कुणी घेतले नाही.

त्यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. बरीच वर्षे बाहेर काढून, दुखणे घेऊन कोकणातल्या आपल्या गावी परतलेला, श्रद्धा न उरलेला नायक तीत आहे. गावातले हिंदू-मुसलमानांचे संबंध पेट घेतात आणि त्याचे शहाणपण कुणाच्याच उपयोगी पडत नाही. दलवाईंचा मोठेपणा असा, की आपल्याच विचारांच्या नायकाला त्यांनी बिनचूक ठरवले नाही. श्रद्धावान चुकू शकतो तसा श्रद्धा सोडलेलाही चुकू शकतो, हे कादंबरी सांगते. ज्यांनी हे पुस्तक न वाचता नाव ठेवले, त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

परंतु आमची तक्रार इथेही तीच. नायक गावी येतो तेव्हा त्याचा ईमान केव्हाच गेलेला आहे. तो कोणत्या रात्री गेला, जाताना काय दुखले, हे आपल्याला दिसत नाही. गझालींची शंका संपल्यावर त्यांचे पुस्तक लिहिले गेले. दलवाईंच्या नायकाची शंका संपल्यावर कादंबरी सुरू होते. एक यकीनच्या काठावर, दुसरा इनकारच्या काठावर. मधला काळ दोघांनीही वगळला.

उर्दूत तरी तो सापडेल म्हणून आम्ही इक्बालकडे गेलो. १९११ साली लाहोरात त्यांनी 'शिकवा' वाचली, तेव्हा देवाला जाब विचारला म्हणून गहजब झाला. १९१३ साली त्यांनी स्वतःच 'जवाबे-शिकवा' लिहिली. कविता थोर आहे, आम्ही ती वर्गात जोशाने वाचतो. पण शिकवा म्हणजे शंका नव्हे. ज्याच्याशी भांडायचे तो आहे, ही खात्री असल्याशिवाय भांडण होत नाही. आमची रात्र त्याही अलीकडची होती.

शेवटी ज्या माणसाजवळ थोडा विसावा मिळाला, तो आमच्या घराजवळचाच निघाला. दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी भीमा ओलांडून श्रीगोंद्याकडे जाते. त्या श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत लिहीत होते. त्यांचा 'योगसंग्राम' १६४५ चा. जन्माने मुसलमान, सूफी परंपरेतला हा माणूस आपल्या ग्रंथाच्या नावातच 'संग्राम' शब्द घालतो, आणि हा संग्राम शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्या आत आहे. ढोंगी फकीर आणि ढोंगी गुरू, दोघांनाही ते सोडत नाहीत. समोरच्या घरात जन्मलो असतो तर, या प्रश्नाला त्यांनी घाबरून दार लावले नाही. समोरच्या घराची भाषा आपली केली आणि तिच्यात आपले म्हणणे मांडले. अर्थात त्यांना आधुनिक संशयवादी ठरवणे चूक होईल. ते भक्त होते. पण आतल्या झगड्याला वसवसा म्हणून झाकून न ठेवता त्याचा ग्रंथ करता येतो, आणि तोही मराठीत, हे त्यांनी पावणेचारशे वर्षांपूर्वी दाखवले.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखकांनी दंगल लिहिली, गरिबी लिहिली, तलाकपीडित बाई लिहिली, 'तुम्ही मराठी कसे?' या प्रश्नाचा अपमान लिहिला. हे लिहिणे आवश्यकच होते. मात्र नमाजला उभा असलेला आणि आतून हललेला साधा माणूस आमच्या वाचनात आला नाही. तो आपल्या मोहल्ल्यात नाही असे कुणी म्हणणार असेल, तर आम्ही स्वतः पुरावा म्हणून उभे आहोत.

यावर एक हरकत येईल, आणि ती हलकी नाही. समाजावर आधीच चोहोबाजूंनी बोटे रोखलेली असताना आपली शंका चारचौघांत मांडणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती काठी देणे नव्हे काय? दलवाईंचे नाव अशा काठीसारखे वापरणारे आम्हीही पाहिले आहेत. त्यांना ना दलवाईंशी देणेघेणे असते, ना आपल्या बायाबापड्यांशी. आणि शंकेची सक्ती फक्त मुसलमानांवरच का? समोरच्या घरातल्या मुलानेही हाच प्रश्न आपल्या मास्तरांना विचारायला हवा. हे सर्व मान्य. पण गप्प बसण्याचीही किंमत असते. ती वर्गातल्या मुलीने मोजली. तिने पुन्हा हात वर केला नाही.

शिवाय आपल्या परंपरेला शंकेचे एवढे भय नाही, जेवढे आपल्याला आहे. मेलेल्यांना कसे उठवतोस ते दाखव, अशी विनंती हजरत इब्राहिम यांनी केली, ही कथा कुरआनातच आहे. त्यांना फटकारले गेले नाही, चार पक्ष्यांचा दाखला दिला गेला. तोंडाने उच्चारण्याचीही भीती वाटावी असे विचार मनात येतात, अशी कबुली काही सहाबांनी दिली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी ती भीती म्हणजे ईमानचीच खूण मानली, अशी हदीस आहे. या आधारांनी आमचा प्रश्न सुटला, असा दावा आम्ही करणार नाही. आपण चुकत असू ही शक्यता अजून आमच्या सोबत आहे. आम्ही नमाज पढतो आणि ती शक्यता शेजारी उभी असते. एवढे मात्र झाले आहे, की समोरच्या घरातला माणूस चुकीचाच आहे असे आता आम्हांस ठामपणे म्हणवत नाही. आणि अब्बांच्या कब्रीवर फातेहा पढताना आता आम्ही पाठ म्हणत नाही, मागतो.

गेल्या वर्षी त्या मुलीने शाळा सोडली. आठवीला ती दुसऱ्या शाळेत गेली. जाण्याआधी आम्ही तिला थांबवले, गझालींच्या लहानपणाची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, तुझा प्रश्न चांगला होता, उत्तर सरांना येत नव्हते. ती म्हणाली, "सर, उन को जवाब मिला क्या?" आम्ही म्हणालो, त्यांना मिळाले, आम्ही अजून शोधत आहोत. तिने मान हलवली आणि दप्तर उचलले.

आपल्या लेखकांकडे आमचे मागणे एवढेच आहे. शोध संपायची वाट पाहू नका. दोन्ही काठांवरची पुस्तके आपल्याकडे आहेत. जो अजून पाण्यात आहे, त्याने पाण्यातूनच लिहावे. दौंडच्या कब्रस्तानात मुठीत माती धरून थांबलेल्या माणसाला त्या रात्री असे एखादे पुस्तक हवे होते.