ओवीतला ईस्टर

चर्चमध्ये मराठी पोथी? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी गोव्यात तेच केलं. १६१६ साली राशोलला छापलेलं त्यांचं 'ख्रिस्तपुराण' रविवारी आणि सणाला मिस्सेनंतर वाचलं जाई. ओव्या मराठी, लिपी रोमन (आपल्या व्हॉट्सॲपसारखीच!). त्यातली मूर्तिपूजेवरची टीका आज खटकते. पण मरणातून उठलेला येशू 'वैकुंठा'त जातो, तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेल्या श्रोत्याला आजीच्या तोंडचा शब्द परत मिळतो. उपदेशापेक्षा मला हे मोठं वाटतं. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. जुन्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. १९०७ साली मंगळूरला पुराण पुन्हा छापलं, ते लोकांनी हाताने उतरवून जपलेल्या प्रतींवरून.