‘लक्सो ज्युनिअर’मधील प्रकाशयोजना

रंगभूमीवरील दिवा निसर्गनियमांनी बांधलेला असतो. त्याला ‘सावली पाडू नकोस’ अशी आज्ञा करता येत नाही. संगणकात घडविलेल्या त्रिमितीय मॉडेलवरील प्रकाश मात्र मूलतः हिशेब होय. सावली न पाडणारा, एकाच वस्तूपुरता उजळणारा, फार काय, उजेड वजा करणारा दिवाही तेथे ठेवता येतो. मग अशा प्रकाशयोजनेची पारख कोणत्या निकषावर करावी?

जॉन लॅसेटर दिग्दर्शित ‘लक्सो ज्युनिअर’ (१९८६) हा पिक्सारचा जेमतेम दोन मिनिटांचा चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. टेबलावरचे दोन दिवे, एक थोर आणि एक लहान, व चेंडू एवढाच त्याचा संसार. पात्रांना डोळे नाहीत, वाचा नाही. कॅमेराही जागचा हलत नाही. परंतु दिवा जिकडे वळतो तिकडे त्याचा उजेड पडतो, आणि म्हणून त्याचे लक्ष कोठे आहे हे प्रेक्षकास सांगावे लागत नाही. चेंडू फुटल्यावर लहानगा मान खाली घालतो, तेव्हा त्याचा उजेडही ओशाळून जमिनीकडे वळतो. येथे प्रकाश पात्रावर टाकलेला नाही; तो पात्राची नजरच आहे.

हे साधण्यासाठी लान्स विल्यम्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली रीत सुधारून वापरण्यात आली. प्रथम दिव्याच्या जागेवरून दृश्य पाहून प्रत्येक दिशेला सर्वांत जवळचा पृष्ठभाग किती अंतरावर आहे ते नोंदवावयाचे. कॅमेऱ्यास दिसणारा बिंदू त्याहून दूर असेल तर तो सावलीत. येथे दिवेच हालत असल्याने ही नोंद प्रत्येक चौकटीसाठी नव्याने करावी लागे. सावल्यांच्या दातेरी कडा मऊ करण्याची युक्ती रीव्ह्ज, सॅलेसिन व कुक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली.

चित्रपट पाहून जिम ब्लिन हे संगणकचित्रणाचे जाणकार लॅसेटर यांच्याकडे आले, तेव्हा ते सावल्यांच्या रीतीविषयी विचारणार असे लॅसेटर यांस वाटले. ब्लिन यांनी विचारले ते इतकेच, की थोरला दिवा आई की बाप? ही आख्यायिका तंत्रावर कथेने मिळविलेला विजय म्हणून सांगितली जाते. आम्हांस ते पटत नाही. सावली चुकली असती तर दिवे वस्तूच राहिले असते, आणि वस्तूंचे नाते कोणी विचारीत नाही.

भिंतीवरून परतणाऱ्या उजेडाचा हिशेब त्या रीतीत नव्हता. पार्श्वभूमी काळोखी असल्याने तो अभाव जाणवत नाही, ही चतुराईच म्हणावयाची. ‘टॉय स्टोरी’त (१९९५) तसा उजेड जादा दिवे हाताने मांडून भासवावा लागला. ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’पासून (२०१३) पिक्सारमध्ये तो गणितानेच येऊ लागला. खोली आपोआप उजळते, हे सुख खरे. पण पूर्वी प्रत्येक दिवा मांडण्यामागे एक निर्णय असे, आणि आता प्रकाशयोजनाकाराचा निर्णय बहुधा आलेला उजेड नाकारण्यात असतो, जो पडद्यावर शोधून काढणे समीक्षकास अधिक अवघड जाते.