नाममुद्रा आणि कर्तृत्व : एका हिप-हॉप अल्बमाचा विचार

दरवर्षी १४ एप्रिलला ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील मिरवणुकांतून जुनी भीमगीते डी.जे.च्या नव्या ठेक्यावर वाजविली जातात. भीमगीताच्या अखेरच्या कडव्यात बहुधा कवीचे नाव असते. वामनदादा कर्डकांच्या रचनांत 'वामन' ही मुद्रा अशीच येते. मिरवणुकीतल्या जुळणीत मात्र मुखडाच पुनःपुन्हा फिरत राहतो. अखेरचे कडवे गळते, आणि त्याबरोबर कवीही गळतो. हिप-हॉपमधील एका मान्यताप्राप्त कृतीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ही कृती म्हणजे जोश डेव्हिस ऊर्फ डी.जे. शॅडो याचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला पहिला स्वतंत्र अल्बम, 'एंडट्रोड्यूसिंग'. रॅपच्या अल्बमावर सामान्यतः बोलणाऱ्याचे नाव असते. कल्याणमध्ये वाढलेल्या दीपा उन्नीकृष्णन यांनी 'डी एम्‌सी' या नावाने २०१९ साली काढलेल्या पहिल्या अल्बमाचे शीर्षक आइन्स्टाइनच्या समीकरणावर आणि त्यांच्या नावावर एकदमच श्लेष करते. संगीत जुळविणारा, ज्याला या क्षेत्रात प्रोड्यूसर म्हणतात, तो मागे राहतो. शॅडोने हा क्रम उलटविला. त्याने रॅपरलाच वगळले आणि मागचा माणूस पुढे आणला. वास्तविक हिप-हॉपचा आरंभच या मागच्या माणसापासून झाला आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क हा एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती आलटूनपालटून वाजवून तिच्यातील नुसत्या ड्रमचा भाग लांबवीत असे. बोलणारे त्या ठेक्यावर मागाहून आले.

शॅडोने अल्बमासाठी मुख्यत्वे आकाई कंपनीचे 'एम्‌पीसी ६०' हे यंत्र वापरले. जुन्या तबकड्यांतील क्षणभराचे तुकडे त्यात साठवून बोटांनी वाजविता येतात. अल्बमातील जवळजवळ प्रत्येक ध्वनी असा परका आहे. मग यात शॅडोचे ते काय? 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी सांगितलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. 'मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड' या रचनेत फिनलंडच्या पेका पोह्योलाचा एक तुकडा आहे, आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉडच्या 'द ह्यूमन अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' मधील पियानोही आहे. अ‍ॅक्सेलरॉडची ती कृती १९६९ ची असून तिच्यामागे विल्यम ब्लेकची याच नावाची कविता आहे. म्हणजे कवितेचे संगीत झाले आणि त्या संगीताचा कच्चा माल झाला. पियानो मंद व विषण्ण, त्याखालचा ड्रम कोरडा व निकट. दोहोंचे वेगळेपण न पुसता त्यांचा जो तोल साधला जातो, तो मूळ तबकड्यांपैकी एकीतही नाही. तो शॅडोचा आहे, आणि त्यावरचा त्याचा हक्क आम्हांस निःसंशय वाटतो. 'ऑर्गन डोनर' मध्ये मात्र जॉर्जिओ मोरोडरच्या ऑर्गनचा तुकडा उलटापालटा करण्यापलीकडे काही घडत नाही. ती केवळ चमत्कृती होय.

ही जुळणी कीर्तनासारखीच आहे, असे कोणी म्हणेल. कीर्तनकारही परक्या रचना गुंफून आपले आख्यान उभे करतो. पण त्याने अभंग घेतला की 'तुका म्हणे' हे शब्द सोबत येतात. ऋणाची नोंद रचनेतच असते. सॅम्पलची गोष्ट निराळी. तो तुकडा निवडलाच जातो तो ओळख पुसून वाजावा म्हणून. अल्बमाच्या आरंभीच्या एका रचनेत एक ड्रमवादक मुलाखतीत सांगत आहे की, आपण शिक्षक आहोत आणि विद्यार्थीही. संगीत आपल्याकडून नव्हे, तर आपल्यातून येते, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. संपूर्ण अल्बमाची भूमिकाच जणू त्याच्या तोंडून वदविली आहे. या वादकाचे नाव जॉर्ज मार्श. ते रचनेत कोठेही ऐकू येत नाही. अल्बमाच्या मुखपृष्ठावर सॅक्रामेंटोतील जुन्या तबकड्यांच्या दुकानाचे छायाचित्र आहे. उगमाचा एवढा उघड निर्देश करणारी कृती उगमाच्या नावांविषयी मात्र हात आखडता घेते. हे तिचे खरे वैगुण्य आम्ही समजतो, आणि ते कायद्याचे नसून रचनेचे आहे.

कायद्याचा प्रश्न एका भारतीय गीतावरून उभा राहिला. 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातील, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेले आणि लता मंगेशकरांनी गायिलेले एक गीत डी.जे. क्विक या प्रोड्यूसरने २००२ साली ट्रूथ हर्ट्‌स या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव' मध्ये वापरले. लताबाईंचा आवाज त्यात सतत ऐकू येतो. कल्याणच्या कोणत्याही घरात तो पहिल्या स्वरालाच ओळखला जाईल. २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्या ध्वनिमुद्रिकेची विक्री थांबविली. ती पुन्हा विकावयाची असेल तर तिच्यावर बप्पी लाहिरी हे नाव छापले पाहिजे, अशी अट घातली.