साक्षीकथेचा मध्यभाग

सुवार्ताप्रसाराच्या फिरतीवरून परतलेल्या तरुणांनी सांगितलेल्या किंवा लिहिलेल्या अनुभवांना आपल्याकडे ‘साक्ष’ म्हणण्याचा प्रघात आहे. पूर्वी त्या प्रार्थनासभांतून ऐकू येत. आता त्या पत्रकांतून आणि मोबाइलवरूनही आमच्यापर्यंत पोहोचतात. साक्ष हा आता एक वाङ्मयप्रकारच झाला आहे, पण त्याचे परीक्षण मात्र क्वचित होते. श्रद्धेने सांगितलेल्या गोष्टीची चिकित्सा करू नये, असा संकोच त्यामागे असावा. तो संकोच बाजूला ठेवून आम्ही येथे काही लिहीत आहोत.

या कथांची घडण बहुधा एकसारखी असते. सकाळी गट प्रार्थनेला बसतो. कुणाच्या मनात एखाद्या वस्त्राचा रंग येतो, कुणाच्या दुकानाची पाटी, तर कुणाच्या दुखरा गुडघा. ही चिन्हे कागदावर टिपून गट बाजारपेठेत उतरतो. नेमकी तशीच व्यक्ती भेटते. तिच्यासाठी रस्त्यावरच प्रार्थना होते, तिचे डोळे पाणावतात, हातात पत्रक दिले जाते. पवित्र आत्म्याने आपल्याला चालविले या आनंदात गट गाडीत बसतो आणि कथा संपते.

असे घडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जिथे ही कथा संपते तिथे ती खरे म्हणजे सुरू झालेली असते.

हिंगोलीच्या आठवडी बाजारात बाहेरगावाहून आलेल्या अशाच एका गटाला एक बाई भेटल्या. त्यांना वाचता येत नव्हते. घरी जाऊन त्यांनी ते पत्रक मुलीकडून वाचून घेतले आणि घरात वाद पेटला. वस्तीवरच्या चार ख्रिस्ती कुटुंबांना पुढे कित्येक आठवडे शेजाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले. गट केव्हाच आपापल्या घरी पोहोचला होता. त्याच्या साक्षीत त्या बाईंचे पाणावलेले डोळे असतील. त्यानंतरची रात्र नसेल.

संत इग्नासियूस लोयोला यांनी आत्म्यांची पारख करण्यासाठी जे नियम घालून दिले, त्यांत एक मार्मिक सूचना आहे. मनात आलेल्या प्रेरणेचा आरंभ, मध्य आणि शेवट हे तिन्ही तपासावेत. तिन्ही चांगल्याकडे झुकत असतील तरच ती प्रेरणा चांगल्या आत्म्याची समजावी. सेमिनरीत हा नियम आम्ही शिकलो तो स्वतःच्या मनासाठी. साहित्याच्या परीक्षणासाठीही तो कामी येतो. आमच्या साक्षीकथांत आरंभ असतो, शेवट घाईने जोडलेला असतो, आणि मध्यभाग गळालेला असतो.

मध्यभाग न गाळणारे एक पुस्तक मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे, तरी कॅथलिक कुटुंबांनी हे पुस्तक परके मानू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचा आरंभ अगदी साक्षीकथेत शोभावा असा आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला. बोलता बोलता धर्माचा विषय निघाला. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. एखाद्या साक्षीलेखकाने येथेच पूर्णविराम दिला असता.

लक्ष्मीबाईंची गोष्ट मात्र येथून खरी तीव्र होते. ज्या दिवशी पतीला प्रकाश मिळाला, त्याच दिवसाने पत्नीचा संसार मोडला. लहान मूल पदरी, नातलगांच्या दारी राहणे, लोकांचे बोल आणि कित्येक वर्षांची ताटातूट. हे दुःख त्या लपवीत नाहीत आणि त्याचे भांडवलही करीत नाहीत. पतीच्या विसरभोळेपणावर हसता हसता त्या आपल्या जखमेवरून हलकेच हात फिरवतात. पुढे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे वेगळे ठेवले आणि टिळकांनी ते ठेवू दिले. जातिभेद माणसानेच निर्माण केला, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने घेतला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आगगाडीतल्या त्या अनोळखी प्रवाशाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याचा शब्द खोटा ठरला नाही, हे खरेच. पण त्या शब्दाची किंमत त्याने मोजली नाही, ती एका बाईने मोजली.

या पुस्तकातही उणीव आहे. लक्ष्मीबाई आपल्या अंतरातल्या प्रार्थनेविषयी फार थोडे बोलतात. श्रद्धेचा प्रवास जाणू इच्छिणाऱ्या वाचकाची तहान तेथे पुरती भागत नाही. तरीही देवाने मला सांगितले, असे उठल्यासुटल्या म्हणणाऱ्या लेखनापुढे हे मितभाषण आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटते.

आतल्या आवाजाची पारख इतरांकडून करून घ्यावी लागते, ही शिकवण हिंगोलीच्या मातीला नवी नाही. याच जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. परंपरा सांगते, नामदेव प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलत. तरी गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटून पाहिले आणि हे मडके कच्चे आहे, असा निवाडा दिला. रुसून नामदेव विठ्ठलाकडे गेले, तर त्यानेही त्यांना गुरूकडे पाठविले. ते गुरू म्हणजे औंढा नागनाथचे विसोबा खेचर. पुढे पंजाबपर्यंत गेलेल्या आणि गुरू ग्रंथसाहिबात ज्यांच्या पदांना स्थान मिळाले, त्या नामदेवांची वाट आधी या भट्टीतून गेली. ज्या गावांत आमचे तरुण चिन्हे शोधत हिंडतात, त्या गावांतल्या आजीबाईंनाही ही कथा पाठ असते.

आमच्या धर्मग्रंथातही निराळे सांगितलेले नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आत्मा पौलाला आसिया प्रांतात वचन सांगण्यास मज्जाव करतो आणि रात्री त्याला मासेदोनियाच्या माणसाचे दर्शन घडते. दर्शन एकट्या पौलाला झाले. त्याचा अर्थ मात्र सोबत्यांनी मिळून लावला. निवेदनात ‘आम्ही’ हा शब्द नेमका येथेच प्रथम येतो. फिलिप्पै नगरात मात्र दर्शनातला तो पुरुष भेटत नाही. नदीकाठी भेटते लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई, आणि तीही मूळची त्या मज्जाव झालेल्या आसियातल्या थुवतीराची! मग फटके आणि तुरुंग. लूक यातले काहीच गाळत नाही.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात, श्रद्धा पसरविताना गरीब व अशिक्षितांवर अनुचित दडपण येईल असे वर्तन टाळावे, असे बजावले. १९७७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा निकाल दिला. एवढ्यावरून सुवार्ता घरात कोंडून ठेवावी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आगगाडीतला तो प्रवासी गप्प बसला असता, तर मराठी ख्रिस्ती साहित्य किती गरीब राहिले असते!

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे. मुलांना अवश्य पाठवा. पण जाण्याआधी त्यांच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ द्या. जिथे जायचे तिथल्या धर्मगुरूंना आणि तिथे राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना आधी विचारू द्या. प्रार्थनेत सुचलेली गोष्ट त्यांच्यापुढे थापटून पाहू द्या. परतल्यावर साक्ष लिहायची घाई नको. वर्षभराने मुलांनी त्या गावी पुन्हा जावे, भेटलेल्या माणसाच्या ओसरीवर बसावे, त्याच्या घरात मध्यंतरी काय झाले ते ऐकावे आणि मग लिहावे. तसे लेखन या पानांवर छापायला आम्हांला मनापासून आवडेल.