पुनःपरीक्षेचा प्रश्न आणि ‘आय, डॅनियल ब्लेक’

केन लोच यांच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ या २०१६ सालच्या इंग्रजी चित्रपटाचा प्रारंभ अंधारात होतो. पडद्यावर चित्र नाही, केवळ आवाज ऐकू येतात. हात वर नेता येतो काय, टोपी घालता येते काय, असे एक बाई विचारीत आहे. आणि दुखणे हृदयाचे आहे, हातापायांचे नव्हे, हे न्यूकॅसलचा प्रौढ सुतार डॅनियल तिला परोपरीने सांगत आहे. निकाल येतो तो असा : आवश्यक गुण १५, मिळालेले १२. भत्ता बंद.

कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळविणाऱ्या या कृतीची परिणामकारकता निर्विवाद आहे. तथापि तिच्या युक्तिवादात एक उणीव राहिली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. डॅनियल आयुष्यभर राबलेला आहे. बरा झाल्यावर पुन्हा कामावर जाण्याची त्यास आस आहे. त्याचा हक्क आपणांस पटतो तो बव्हंशी या पूर्वश्रमाच्या बळावर. मग जो जन्मतःच विकल आहे, ज्याने हातोडी कधी धरलीच नाही, त्याच्या बाजूने हा चित्रपट काय सांगतो? फारसे काही नाही. शिवाय अपिलाच्या सुनावणीपूर्वीच डॅनियल मरण पावतो. शोकांतिकेस हा शेवट सोयीचा खरा, परंतु मृताची पुनःपरीक्षा होत नाही. जन्मभराच्या अपंगाची मात्र होत राहते.

ब्रिटनमध्ये १९९२ पासूनच्या अपंग-निर्वाह भत्त्यात बेमुदत मंजुरी मिळू शकत असे. २०१३ पासून त्याची जागा नव्या भत्त्याने घेण्यास आरंभ झाला आणि बेमुदत मंजुरी असलेल्या प्रौढांनाही स्वयंपाक, स्नान, चालणे यांविषयीच्या प्रश्नांस नव्याने उत्तरे देणे भाग पडले. नव्या मंजुऱ्या बहुधा मुदतीच्या. तुटलेला पाय मुदत संपताच उगवत नाही, हे परीक्षकासही ठाऊक असते. तरी पुराव्याचा भार पुन्हा अर्जदारावरच पडतो. अन्याय आहे तो येथे.

पुनःपरीक्षा सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मात्र म्हणवत नाही. व्याधी तीच राहिली तरी गरज वाढते. चाकाची खुर्ची वर्षानुवर्षे ढकलून खांदे झिजतात. भत्ता वाढावयाचा तर फेरतपासणी हवीच. पण ती मागण्याचा अधिकार प्रथम अर्जदाराचा असावा.

शासनासही हे अंशतः उमगले होते. चित्रपट ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला त्याच ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्याच्या काही दिवस आधी, आजारपणाच्या भत्त्यापुरती गंभीर व आजन्म विकारांना फेरपरीक्षेतून सूट जाहीर झाली. २०१८ मध्ये नव्या अपंग-भत्त्यातही, ज्यांची गरज कमी होणार नाही अशांसाठी दहा वर्षांनी केवळ हलकी तपासणी ठरली. पण ती सवलत सर्वोच्च दराने भत्ता मिळणाऱ्यांस. ज्याचे वैगुण्य आजन्म, पण गुण मधल्या पायरीचे, तो या तरतुदीबाहेरच राहिला.