मानव विकास निर्देशांक आणि धाराशिव जिल्हा : तुलनेच्या मापाची चिकित्सा

प्रस्तावना :
देशादेशांतील राहणीमानाची तुलना दरडोई उत्पन्नावरून करण्याची पद्धत जुनी आहे. दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ या वर्षासाठी हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न २० रुपये काढले आणि इंग्रजी राजवटीतील दारिद्र्य आकड्यांत मांडले. परंतु केवळ उत्पन्नावरून माणसाचे जगणे कळत नाही. या जाणिवेतून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक मांडला. आरोग्य, शिक्षण व उत्पन्न हे त्याचे तीन आधार होत. देशांसाठी घडविलेले हे माप पुढे जिल्ह्यांनाही लावण्यात आले. महाराष्ट्र मानव विकास अहवाल २०१२ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचा २०११ चा निर्देशांक ०.६४९, तर राज्याचा ०.७५२ दिलेला आहे. हे माप या जिल्ह्याचे राहणीमान कितपत सांगते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समान नाव, भिन्न घटक :
संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालात भारताचा निर्देशांक ०.५४७ होता. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यास धाराशिव जिल्हा देशाच्या बराच पुढे दिसतो. मात्र हाच जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांत, समाविष्ट झाला. ही विसंगती मापातून आलेली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१० पासून साक्षरता व पटनोंदणी यांऐवजी शालेय शिक्षणाची सरासरी व अपेक्षित वर्षे घेतली, तसेच देशांतर्गत उत्पादनाऐवजी राष्ट्रीय उत्पन्न घेतले. राज्याच्या अहवालाने मात्र साक्षरता, पटनोंदणी, अर्भकमृत्यू दर व दरडोई जिल्हा उत्पन्न यांचाच आधार घेतला. नाव एक असले तरी मापे दोन आहेत. राज्यातील जिल्ह्यांची परस्पर तुलना या अहवालावरून करता येईल. जिल्ह्याची देशाशी तुलना करता येणार नाही.

अंशाचा प्रश्न :
यापेक्षा खोल अडचण स्थलांतराची आहे. वाशी, भूम, कळंब या तालुक्यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. जिल्हा उत्पन्नाचा अंदाज उत्पादन जेथे होते त्या स्थळावरून केला जातो. त्यामुळे कोयत्याची मजुरी कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावच्या उत्पन्नात मोडते. ती ज्या घरात खर्च होते ते घर मात्र धाराशिवचे असते.

धाराशिव हा देश असता तर असे झाले नसते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार एक वर्षापेक्षा कमी काळासाठी बाहेर गेलेला हंगामी मजूर मूळ देशाचाच रहिवासी समजला जातो व त्याची मजुरी त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. उत्पादन व उत्पन्न यांतील हे अंतर किती मोठे असू शकते, हे आयर्लंडने दाखविले आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबामुळे तेथील देशांतर्गत उत्पादन २०१५ या एकाच वर्षात २५ टक्क्यांहून अधिक वाढले. लोकांचे राहणीमान अर्थातच तितके वाढले नव्हते. तेथे आकडा फुगला; धाराशिवच्या बाबतीत मजुराची कमाई आकड्याबाहेर राहते.

छेदाचा प्रश्न :
२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. २००१ ते २०११ या दशकातील वाढ ११.५० टक्के, तर राज्याची १५.९९ टक्के होती. ही मंद वाढ घटत्या जन्मदराची खूण मानावी की लोक बाहेर पडल्याची? केवळ या आकड्यावरून याचे उत्तर मिळत नाही. शिवाय ही गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेल्या व्यक्तीची नोंद ती जेथे आढळेल तेथे करावी, असा नियम होता. फेब्रुवारीत ऊसतोडणीचा हंगाम भरात असतो. म्हणजे फडावरील कोपीत राहणारे कुटुंब, नियमानुसार, धाराशिवच्या लोकसंख्येत येत नाही.

शाळेची पटनोंदणी मात्र ३० सप्टेंबर या तारखेची घेतली जात असे. त्या दिवशी तेच मूल गावच्या शाळेत असते. अशा रीतीने एकच मूल पटाच्या अंशात मोजले जाते आणि लोकसंख्येच्या छेदातून निसटते. परिणामी पटनोंदणीचे प्रमाण प्रत्यक्षाहून चांगले दिसते, आणि पुढचे चार-पाच महिने ते मूल शाळेत नव्हते ही गोष्ट कोणत्याच रकान्यात येत नाही. उत्पन्नाच्या बाबतीत मजूर व मजुरी दोन्ही वगळली जात असल्याने उरते ती मागे राहिलेल्यांची सरासरी. ज्यांचे राहणीमान सर्वांत आधी तपासावयास हवे, तेच तुलनेबाहेर राहतात.

निष्कर्ष :
या चिकित्सेचा अर्थ निर्देशांक टाकून द्यावा असा नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील विषमता जिल्हानिहाय आकड्यांशिवाय मांडताच येत नाही. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष याच मार्गाने मोजला. परंतु आकडा कोणत्या महिन्यात व कोणत्या ठिकाणी घेतला, हे सांगितल्याशिवाय केलेली तुलना अपुरी होय.

लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झालेली आहे, म्हणजे गणना पुन्हा ऐन हंगामात येते. त्यामुळे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र विभागांनी काही निवडक गावांची कुटुंबनिहाय नोंद एकदा दिवाळीपूर्वी व एकदा फेब्रुवारीत करावी. या दोन यादींतील तफावत हीच जनगणनेच्या आकड्याला जोडावयाची दुरुस्ती ठरेल. ती हाती नसताना धाराशिवला कोणत्याही जिल्ह्याच्या वा देशाच्या वर किंवा खाली बसविणे शास्त्रीय दृष्टीने धाडसाचे ठरेल.